आमच्या घरातला नास

घरात नास आणायचं मी ठरवलं आणि ही आनंदाची बातमी सकाळच्या चहाला सगळ्यांदेखत जाहीर केली. आईने कप खाली ठेवला. "बुद्धभूषण," ती म्हणाली, "लोकं घरातला नास भाईर काढत्यात. तू पैसं दिऊन आत आणणार?"

यात आईची काही चूक नव्हती. आपल्याकडे दूध नासतं, नासधूस होते आणि फारच झालं तर सत्यानास होतो. संगणकाच्या दुनियेत मात्र नास म्हणजे फोटो, गाणी, कागदपत्रं ठेवायची एक पेटी. घरच्या वायफायला ती जोडली की कुठल्याही खोलीत बसून, कुणाच्याही फोनवर आतलं सगळं उघडतं. एन, ए, एस या तीन अक्षरांवरून हे नाव पडलं म्हणतात. नाव पाडणाऱ्यांच्या शेजारी एकही मराठी कुटुंब राहत नसावं, नाहीतर वेळीच कुणीतरी सांगितलं असतं.

पेटी कशाला हवी, ते एकदाच सांगतो. माझे वडील भीमराव ओव्हाळ, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ढोलकी वाजवायचे. आई, म्हणजे चंद्रभागाबाई, स्वतः गाणी रचून म्हणायची आणि दादा साथ करायचे. भीमजयंतीला या जोडीला दोन-दोन वस्त्यांतून बोलावणं यायचं. दादा जाण्याआधी काही महिने मी आईची गाणी फोनवर टिपून ठेवली. फोन आईसमोर धरलेला, त्यामुळे दादा त्यात दिसत नाहीत, ढोलकीवरचा एक हात तेवढा कडेला दिसतो. पण एका गाण्यात आई दुसरं कडवं विसरून एकदम तिसऱ्यावर जाते, ढोलकी थांबते आणि दादांचा आवाज येतो, "चंद्रभागा, दुसरं कडवं राहिलं." तिथेच रेकॉर्डिंग संपतं. दादांचा आवाज जगात तेवढाच उरलाय. तो एका जुन्या हार्डडिस्कमध्ये होता आणि ती डिस्क हल्ली चालू केली की पाल चुकचुकल्यासारखा आवाज करायची.

माझी पत्नी कल्याणी बँकेत आहे, त्यामुळे तिचे उपाय सोपे असतात. ती म्हणाली, दरमहा भाडं भरून इंटरनेटवर जागा घ्या, विषय संपला. पण माझं मन घेईना. दादांची सगळी हयात भाड्याच्या खोल्यांत गेली. धायरीतला हा फ्लॅट झाला तेव्हा ते प्रत्येक भिंतीला हात लावून आले होते. निदान त्यांचा आवाज तरी स्वतःच्या घरात राहावा, भाडं थकलं म्हणून कुणी त्याला बाहेर काढू नये, असं मला मनापासून वाटत होतं. मी तसं बोललो. कल्याणी आतून माझ्या चहात अजून थोडी साखर घालून आली.

त्यानंतरचे दिवस मी कमालीच्या आनंदात घालवले. लग्न ठरलं तेव्हाही मी इतका उत्साहात नव्हतो, हे कल्याणीचं निरीक्षण आहे, माझं नव्हे. बहिणीचा मुलगा आयुष बंगळुरूला संगणकातच असतो. तो फोनवरून शिकवायचा आणि मी शिकायचो. प्रोसेसर कमी वीज खाणारा हवा, कारण पेटी चोवीस तास चालणार. रॅम भरपूर हवी. डिस्क साध्या नकोत, अखंड चालण्यासाठी बनवलेल्या हव्यात. "मामा, मदरबोर्ड जुना असला तरी चिल, आपलं बजेट टाइट आहे," आयुष स्पीकरवर म्हणाला, तेव्हा पलीकडे पालक निवडणारी आई म्हणाली, "जुनं हाय तवर वापरून घ्या." मी बसमध्ये पंख्यांच्या आवाजाचे तक्ते वाचू लागलो. स्वारगेटला उतरायचं सोडून एकदा पार पुढे गेलो आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आता, मी सरकारी खात्यात लेखा विभागात आहे. आमच्याकडे टाचणीसुद्धा तीन दरपत्रकांशिवाय येत नाही आणि सगळ्यात कमी दराची निविदा स्वीकारायची हा नियम माझ्या रक्तात भिनलेला आहे. घरची खरेदी झाली म्हणून पद्धत सोडायची, हे मला पटेना. मी गृह खरेदी समिती स्थापन केली. अध्यक्ष मी, सदस्य कल्याणी, आई विशेष निमंत्रित. पहिल्याच बैठकीत सदस्यांनी विचारलं की अध्यक्ष भांडी घासणार आहेत का. तो विषय कार्यक्रमपत्रिकेत नसल्यामुळे पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला.

तीन दरपत्रकं आणायला मी तपकीर गल्लीत, संगणकाच्या सामानाच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानदाराने माझी सुबक टंकलिखित मागणी शेवटपर्यंत वाचली. लेखी दर द्या, आठवड्यात निर्णय कळवतो, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "आठवड्याने भाव बदलतो. तुमचा निर्णय होईल तेव्हा हा माल संग्रहालयात मिळेल." दुसऱ्याने किती सर्व्हर घेणार असं विचारलं, मी एक म्हटल्यावर त्याने कागद परत केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. तिसरा मात्र देवमाणूस निघाला. खुर्ची दिली, पाणी दिलं, मागितलेली प्रत्येक वस्तू कपाटातून काढून दाखवली आणि एकेका वस्तूचे तीन-तीन दर तीन वेगवेगळ्या दुकानांच्या नावांनी लिहून दिले. आधीच्या दोघांकडे झालेला अपमान मी तिथल्या तिथे विसरलो.

डिस्कवर मी काटकसर केली नाही. मदरबोर्ड जुना पण चांगला मिळाला. प्रश्न आला तो पॉवर सप्लायचा, म्हणजे पेटीतल्या सगळ्यांना वीज वाटून देणाऱ्या डब्याचा. आयुष म्हणत होता, "मामा, बाकी कुठेही कॉम्प्रोमाइज करा, पॉवर सप्लायवर नको." कल्याणीही म्हणाली की विजेची वस्तू नावाजलेली घ्या. पण कमी दराच्या डब्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत 'गोल्ड' लिहिलेलं होतं आणि दर तर सर्वांत कमी. नियमाप्रमाणे तो नाकारायला कारण द्यावं लागतं आणि मला कारण सुचेना. कल्याणीचं भिन्न मत मी कार्यवृत्तात नोंदवलं आणि डबा घेतला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती, पण खरेदीच्या वेळी ती आठवली नाही.

या सगळ्यात शेजाऱ्यांचे सल्ले चालूच होते. सोसायटीचे सचिव श्यामसुंदरराव निवृत्तीनंतर पूर्णवेळ सल्ला देतात. त्यांच्या मते सगळं पेनड्राइव्हवर भरून तो तांदळाच्या डब्यात ठेवला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. समोरच्या रस्त्यापलीकडे गेनबानाना आणि त्यांच्या पत्नी मथुराबाई राहतात. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांचीच. मुलगा रणजित इमारती बांधतो, पण नानांनी बंगल्याशेजारी म्हशींचा गोठा राखलाय आणि आमचं दूध तिथूनच येतं. यंत्र गरम होतं का असं त्यांनी विचारलं आणि मी होतं म्हटल्यावर म्हणाले, "मंग कांद्यावानी हवंशीर ठिवा. न्हाय तर खालनं सडतंय." मी दोघांचेही आभार मानले आणि माझंच पुढे चालू ठेवलं. ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं, असं त्या दोघांना माझ्याबद्दल वाटलं असावं.

खरा घोळ झाला तो फोनमुळे. आमच्या फ्लॅटमध्ये रेंज येत नाही, एरवी वायफायवर भागतं, पण ते बंद पडलं की फोनवर बोलायला खाली पार्किंगमध्ये जावं लागतं. दोन डिस्कवर तेच सामान दुहेरी ठेवायची एक पद्धत असते, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरी शाबूत राहते. या पद्धतीला रेड म्हणतात. हिचे प्रकार आहेत, रेड एक, रेड पाच वगैरे. वायफाय बंद होतं त्या संध्याकाळी मी खाली जाऊन आयुषशी जे बोललो ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण पुढे ते मला अनेकांनी ऐकवलं.

"घरी रेड आहे म्हटल्यावर आता मला काळजी नाही," मी म्हणत होतो. "सगळं दोन ठिकाणी ठेवतोय. एक हाताला लागलं तरी दुसरं सुरक्षित. माळ्यावर ठेवतो, कुणाच्या नजरेला पडायला नको. रेड एकच पुरे, रेड पाच आपल्याला झेपणार नाहीत."

मागे श्यामसुंदरराव स्कूटरचं सीट पुसत होते. त्यांनी पुसायचं थांबवलेलं मी पाहिलं, पण सीट स्वच्छ झालं असेल असं समजून वर गेलो.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटी बदलली. ज्या वॉचमनला मी कधी खुर्चीवरून उठलेलं पाहिलं नव्हतं, तो उठून सलाम करू लागला. लिफ्टमध्ये लोक मला आधी आत जाऊ देत. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी आपला मुलगा सरकारी नोकरीसाठी काय करू शकेल, असं फार अदबीने विचारलं. श्यामसुंदरराव तर खजिनदारपद घ्या म्हणून दाराशी आले. इतकी वर्षं मी लाच घेतली नाही, याचं कुणाला काडीचं कौतुक वाटलं नव्हतं. मला मात्र हा नास प्रकल्पाचा मान वाटला. तंत्रज्ञानाची लोकांना कदर आहे, असं मी कल्याणीला म्हणालोदेखील.

मग कार्यालयात आमच्या साहेबांनी बोलावून एक कागद हातात दिला. आपल्या निवासस्थानी रेड असल्याचे समजते, तरी लेखी खुलासा करावा. श्यामसुंदररावांचे मेहुणे आमच्याच खात्यात आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी दोन डिस्कच्या आकृतीसह सविस्तर खुलासा दिला. त्यावर शेरा आला, 'सदर रेड पूर्वपरवानगीने आणली आहे काय?' मी पुन्हा लिहिलं. त्या फाइलवर अजून 'चर्चा करावी' एवढंच लिहिलेलं आहे.

त्या दिवशी बसमधून उतरलो तेव्हा माझे कान तापले होते. लोक सलाम मला करत नव्हते, मी पैसे खाल्ल्याच्या संशयाला करत होते. याहून मोठा अपमान माझा कुणी केला नव्हता. तेवढ्यात गेनबानानांनी रस्त्यापलीकडून हाक मारली आणि गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"साहेब, म्या कुनाला बोलनार न्हाय," ते हळूच म्हणाले. "काय ठिवायचं आसंल तर आमच्याकडं ठिवा. म्हशीच्या गव्हानीत कोन हात घालतंय."

मी त्यांना रेड म्हणजे काय ते अगदी पहिल्यापासून समजावलं. दोन डिस्क, दोन्हींवर तेच गाणं, सगळं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "व्हय, व्हय," ते म्हणाले, "कुनी इचारलं तर आसंच सांगायचं."

हे मी घरी आल्यावर संतापून सांगितलं. कल्याणीला हसू आवरेना. आई मात्र गंभीरपणे म्हणाली की माणूस चांगला हाय, घरातलं ठेवून घेतो म्हणाला. शेवटी मी ठरवलं की पेटी उभी करायची आणि सगळ्यांना घरी बोलावून, रीतसर उद्घाटन करून दाखवायची. वाचवायचा होता दादांचा आवाज, आता त्यात माझी अब्रूही जमा झाली.

पेटी मी स्वतःच्या हाताने जोडली. आयुष व्हिडिओवरून सांगत होता, मी स्क्रू पिळत होतो, आई टॉर्च धरून उभी होती. पहिल्यांदा बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि पंखा फिरला, तेव्हा मी चक्क उडी मारली. जुनी डिस्क जोडून सगळी गाणी नव्या पेटीत घेतली. शेवटचं गाणं आलं, जुनी डिस्क लांब चुकचुकली आणि पुन्हा बोललीच नाही. पण आता मला भीती नव्हती. आयुष म्हणाला, "मामा, रेड इज नॉट बॅकअप हां. अजून एक कॉपी दुसऱ्या घरात ठेवा." मी म्हटलं, अरे दोन डिस्क आहेत की, तिसरी म्हणजे उधळपट्टी. कल्याणी तेव्हा पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, पण समितीची बैठक नसल्यामुळे मी दखल घेतली नाही.

रविवारी सकाळी निम्मी सोसायटी आमच्या दिवाणखान्यात आली. गेनबानानाही आले, पण दाराजवळच उभे राहिले आणि जिन्याकडे लक्ष ठेवून होते. मी छोटंसं प्रास्ताविक केलं. नास म्हणजे काय, रेड म्हणजे काय, प्रामाणिकपणा म्हणजे काय. मग आईचं गाणं टीव्हीवर लावायला फोन हातात घेतला आणि तेवढ्यात लाइट गेली. धायरीत रविवारी लाइट जाणं यात काही विशेष नाही. लगेच आलीही. पण येताना पेटीतून फट् असा आवाज झाला, सोनेरी अक्षरांच्या डब्यातून निळसर धूर निघाला आणि जळक्या रबराचा वास घरभर पसरला.

श्यामसुंदररावांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "म्हणजे शेवटी पडलीच."

पाहुणे गेल्यावर मी फोनवर आयुष सांगेल ते सगळं करून पाहिलं. डब्याने जाता जाता दोन्ही डिस्कना जास्तीची वीज पाजली होती. एकीचं बघून दुसरी जगते, ही पद्धत एकाच वेळी दोघी गेल्या तर काही कामाची नसते. मी खाली फरशीवर बसलो. अब्रूचं मला काही वाटेनासं झालं होतं. दादा दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी माझ्या सर्वांत कमी दरामुळे गेले, एवढंच डोक्यात होतं. आई खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होती. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, त्याने मला अधिकच रडू आलं आणि मी रडलो.

कल्याणीने मला पाण्याचा पेला दिला. मी पाणी पिईपर्यंत ती थांबली.

"अहो, समितीच्या मंजुरीशिवाय एक खरेदी झालीय," ती म्हणाली. "सदस्यांनी परस्पर एक छोटी डिस्क आणली. गुरुवारी सगळं तिच्यावर घेतलंय."

"कुठे आहे?"

"दुसऱ्या घरात. आयुष म्हणाला होता ना. मला आपलं दुसरं घर म्हणून गोठाच आठवला."

मी चपला घालायचंही विसरून रस्ता ओलांडला. मागून आई आणि कल्याणी. गोठ्यात नाना गव्हाणीपाशी काठी घेऊन बसले होते. त्यांनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या, मग कडब्यामागे हात घातला आणि स्टीलचा एक गोल डबा काढला. त्याला जुन्या धोतराच्या फडक्याची गाठ होती. "मोजून घ्या," ते म्हणाले. "म्या उघडला न्हाय. मथुरालाबी उघडू दिला न्हाय. गुरुवारपास्नं हितंच निजतूय."

डब्यात हातरुमालात गुंडाळलेली काळी डिस्क होती. नानांनी ती पाहिली, मग रिकाम्या डब्यात पुन्हा डोकावून पाहिलं. "येवढंच व्हय?" ते म्हणाले. त्यांचा इतका हिरमोड झालेला पाहून मला वाईट वाटलं.

गोठ्याला लागून पडवी आहे आणि तिथे रणजितने वडिलांना कुस्त्या बघायला भिंतीएवढा टीव्ही लावून दिलाय. मथुराबाईंनी आईला हाताला धरून आत नेलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आई क्षणभर खुर्चीच्या कडेलाच टेकली. तिच्या माहेरच्या गावात असल्या पडवीच्या पायरीखाली उभं राहूनच दूध घ्यायला लागायचं, पेल्यात वरून ओतलेलं. हे ती क्वचितच बोलते. मथुराबाईंनी चहाचा कप तिच्या हातात दिला, तेव्हा ती सरकून नीट मागे टेकून बसली.

मी डिस्क टीव्हीला जोडली. आमच्या जुन्या घराची भिंत दिसली, आई दिसली आणि कडेला ढोलकीवरचा हात.

'शाळंच्या वाटंला काटं गं लई, लेकीच्या पायात वहाण न्हाई.'

म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या, असं नाना नंतर सगळ्यांना सांगत होते. ते मी पाहिलेलं नाही, मी ढोलकीवरच्या हाताकडे बघत होतो. मग आई तिसऱ्या कडव्यावर गेली, हात थांबला आणि दादा म्हणाले, "चंद्रभागा, दुसरं कडवं राहिलं."

टीव्ही काळा झाला. नानांनी डोळे पुसले. "बरोबर हाय, साहेब," ते म्हणाले. "ह्ये दडवून ठिवन्याजोगंच हाय."

घरी हे गाणं लागलं की इथे आई नेहमी उठून आत जायची. आज ती उठली नाही. काळ्या टीव्हीकडे बघत म्हणाली, "राहिलं न्हाई हो. धरा ठेका."

पण ठेका धरायला कुणी नव्हतं. नानांनी इकडेतिकडे पाहिलं, तो स्टीलचा डबा मांडीत पालथा घेतला आणि बोटांनी वाजवायला लागले. ताल जरा कुस्तीच्या हलगीकडे झुकत होता. आईने दोन मात्रा जाऊ दिल्या आणि उचललं.

'काटं मी येचलं, वाट केली मोकळी, लेक माझी लिव्हती पाटीवर ओळी.'

मी घाईघाईने फोन काढला. त्यावर लिहून आलं होतं की जागा भरली आहे. मी हताश होऊन शेजारी पाहिलं, तर कल्याणीचा फोन आधीपासूनच चालू होता, आणि तिने तो असा धरला होता की आईही दिसावी आणि डबा वाजवणारे नानाही. कडवं संपलं, डबा थांबला, आई चहाचा कप उचलून मथुराबाईंशी बोलायला लागली, तरी कल्याणीने बटणाला बोट लावलं नाही.